सायकलची खांदेमळणी

आमच्या घरात सगळ्यांचे कान तिखट होते. आबा शेतातून आले की आधी त्यांच्या वहाणा ऐकू यायच्या. एकीपाठोपाठ दुसरी, अशा सावकाश उतरल्या तर आई भाकरी थापत राही. दोन्ही एकदम भिंतीवर आदळल्या की आई तवा खाली उतरवी आणि मी नि दादा मागच्या दारानं गोठ्यात. मुळाक्षरं यायच्या आधी मला वहाणांची भाषा येत होती. आज मी ऐंशीच्या पुढं आहे, आबांना जाऊन जमाना झाला, पण नातू ऑफिसातून येऊन बूट कोपऱ्यात भिरकावतो तेव्हा माझे खांदे आपोआप वर येतात. त्याला सांगितलं तर म्हणतो, "आज्जी, तू फार घाबरट आहेस." आहे मी घाबरट. आमच्या घरात तसं असणंच शहाणपणाचं होतं.

आबांना सगळं मोशी गाव पैलवान म्हणायचं. तरुणपणी त्यांनी जत्रांमधून कुस्त्या मारल्या होत्या. पुढं शेतीत पडल्यावर त्या ताकदीचं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मग मारायचे. आईला, दादाला, मला, कधी बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदाला. मारायच्या आधी मात्र न्यायाधीशासारखे विचारायचे, "कुणी केलं?" मडकं फुटलं, कुणी केलं? दूध उतू गेलं, कुणी केलं? उत्तर येईपर्यंत थांबायचे, एवढा त्यांचा न्याय. आणि आम्ही तोंड उघडायच्या आत आई म्हणायची, "मी केलं." तिला ती सवयच जडली होती. एकदा मांजरानं दही सांडलं तरी ती म्हणाली, मी सांडलं. बैलांवर मात्र आबांनी आयुष्यात आसूड ओढला नाही. हौशा आणि नंद्या ही आमची जोडी. त्यांच्या पाठीवर बसलेली गोमाशी आबा दोन बोटांनी अलगद टिपायचे. मला त्या बैलांचा फार राग यायचा.

दादाला पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात नोकरी लागली आणि घरात सायकल आली. काळी, उंच, चालताना कुरकुरणारी. ठेवायची कुठं यावर दोन दिवस खल झाला आणि शेवटी ती गोठ्यात नंद्याच्या शेजारी उभी राहिली. आई सकाळी शेण काढताना तिच्या चाकांखालूनही खराटा फिरवायची. "तीबी आता घरासाठी राबती," म्हणायची. सुट्टीच्या दिवशी दादा मला नदीकडच्या गाडीवाटेवर न्यायचा आणि दांडीखालून पाय घालून कैची चालवायला शिकवायचा. मी चौदा वर्षांची, परकर खोचून पायडल मारणारी. मोशीत तोवर कुठल्या पोरीनं सायकलच्या घंटीलाही बोट लावलं नसेल. ही गोष्ट आम्हा दोघांतच होती. आबांना कळती तर दोघांची हाडं मोडली असती हे ठाऊक होतं, तरी सुट्टीचा दिवस उजाडला की मी आधी आभाळ बघायची आणि मग दारातल्या वहाणा.

भाद्रपदात आमच्याकडं पोळा. त्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जोखड वाहून बैलाचा खांदा सोलवटून निघतो, म्हणून तो गरम पाण्यानं शेकायचा, त्यावर लोणी, तेल आणि हळद चोळायची आणि त्याच्या कानाशी लागून म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आबांनी त्या संध्याकाळी बैलांचं सगळं स्वतःच्या हातानं केलं. उरलेली वाटी आईनं माझ्याकडं दिली आणि सायकलकडं मान उडवून म्हणाली, "तिलाबी लाव. ती काय परकी हाय?"

"पण आई, हिचा खांदा कुठं?"

आई चुलीकडं वळली होती. "जिथं झिजलंय तिथं लाव," एवढंच म्हणाली.

मी उजेड होता तोवर सायकल खालपासून वरपर्यंत तपासली. सीट झिजली नव्हती. हँडलही नाही. मग दिसलं, दोन्ही चाकांच्या रिमवर, जिथं ब्रेकची रबरं घासतात तिथं, एक चकचकीत पट्टा उठला होता. बिचारीचा हाच खांदा, असं माझ्या मनात आलं. चाक फिरवत फिरवत मी त्या पट्ट्यावर तेल-लोणी-हळद दोनदा चोळली, रबरांच्या खालीसुद्धा बोट घालून लावली, आणि घंटीशी तोंड नेऊन आवतण दिलं. इतक्या मायेनं मी कधी आजारी माणसाचं अंग चेपलं नसेल. पुढं मी वर्षानुवर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. घर्षणाचा धडा आला की मी काहीतरी निमित्त काढून तो तास दुसऱ्या बाईंना देत असे.

पोळ्याच्या दिवशी पहाटेपासून पाऊस झोडपत होता. कारखान्याला पोळ्याची सुट्टी नव्हती, त्यामुळं आबा आधीच धुमसत होते. दादा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन सकाळच्या शिफ्टला निघाला. आईनं पुरण शिजत घातलं, घरभर गुळाचा आणि वेलदोड्याचा वास, कौलांवर पावसाचा ताशा. देवाजवळ आसूड उभा करून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, कारण त्या दिवशी बैल जुंपायचा नाही आणि आसुडाला हात लावायचा नाही. डाळ शिजायच्या आत दूध घालायला निघालेल्या दोघांनी दादाला घोंगडीत घालून आणलं. भोसरीच्या वाटेवर ओढ्याचा उतार आहे, तिथं तो मोरीच्या दगडावर जाऊन आपटला होता. पुढचे दोन दात गेलेले, आणि डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला. "आबा, ब्रेक दाबला तर नुसतं गुळगुळीत," तो रक्त थुंकत म्हणाला. "लागलाच न्हाई."

दुसऱ्या माणसानं सायकल ओढत आणून अंगणात टाकली होती. हँडल तिरकं झालेलं, मडगार्ड चेपलेलं, चाकं मात्र शाबूत. मी रिमला बोट लावलं. पाणी त्या पट्ट्यावर ठरतच नव्हतं, मण्या मण्यांनी ओघळत होतं. मी परकराचा सोगा घेऊन घाईघाईनं पुसायला लागले, तसं तेल आणखीच पसरलं. तेवढ्यात पाठीमागून आबांचा आवाज आला.

"परवा रबरं कुणी बदलली?"

"गुलाबभाईनं," आतून दादा कण्हत म्हणाला. "कमळी व्हती संगं."

आबांनी माझा दंड धरला. "चल. त्याच्या तोंडावर सांगायचं, कसं बसवलं त्यानं ते."

बैल जुंपायचे नव्हते म्हणून आबांनी सायकल स्वतःच्या खांद्यावर घेतली. भर पावसात भोसरीच्या फाट्यापर्यंत ते एकदाही थांबले नाहीत. मी मागून पळत होते आणि सगळी वाट एकच गोष्ट मनात घोळवत होते, की आता सांगावं. अजून वेळ आहे, ओढा आला की सांगावं. ओढा गेला, आता ते वडाचं झाड आलं की सांगावं.

गुलाबभाईंचं दुकान म्हणजे फाट्यावरची एक पत्र्याची शेड. माणूस काटकुळा, तोंडात विडी, आणि रागीट असा की कामात कुणी खोट काढली तर सायकल रस्त्यावर आणून ठेवायचे आणि म्हणायचे, जा, दुसरीकडं कर. पण ब्रेक स्वतः दाबून बघितल्याशिवाय ते सायकल दुकानाबाहेर जाऊ देत नसत. परवाही तसंच झालं होतं. त्यांनी स्क्रू आवळला, दादाला चार वेळा ब्रेक मारायला लावला, मग सोडलं. मी तिथंच उभी होते.

आबांनी सायकल त्यांच्या पुढ्यात आपटली. "पोराचा पाय मोडला. ब्रेक लागला न्हाई."

"पायाचं वाईट वाटतं, पैलवान," गुलाबभाई उठून म्हणाले. "पन मी बसवलेला ब्रेक लागत न्हाई असं व्हत न्हाई."

"ही पोरगी हितं व्हती तवा. कमळे, सांग. ह्यानं स्क्रू आवळला व्हता का?"

दोघंही माझ्याकडं बघत होते. आबांच्या भुवईवरून पाणी गळत होतं. मी म्हणाले, "न्हाई."

गुलाबभाईंच्या तोंडातली विडी खाली पडली. "आरं ए पोरी," एवढंच ते बोलू शकले, कारण आबांनी त्यांची मानगूट धरली होती. पहिल्या ठोशात ते हत्यारांच्या पेटीवर जाऊन पडले. पेटी पालथी झाली, बेअरिंगचे छर्रे चिखलात विखुरले. उठताना त्यांच्या हाताला मोठा पाना लागला आणि तो त्यांनी असा फिरवला की आबांची भुवई हाडापर्यंत उकलली. रक्त आणि पाऊस एक होऊन आबांच्या डोळ्यात गेला. मग आबांना आवरणं कुणाच्या हातचं राहिलं नाही. त्यांनी त्या माणसाला कंबरेत उचलून कुस्तीतल्यासारखं जमिनीवर आदळलं, छातीवर गुडघा दिला, उजवा हात पिरगाळला आणि बोटं सायकलच्या चाकातल्या तारांमध्ये खुपसून चाकाला लाथ मारली. वाळल्या शेंगा मोडाव्यात तसा आवाज आला. गुलाबभाई ओरडले तो आवाज मी इथं लिहू शकत नाही. फाट्यावरची दहाबारा माणसं पत्र्याखाली उभी राहून बघत होती. मीही बघत होते.

हात सोडवून घ्यायला त्यांनी दुसऱ्या हातानं रिम घट्ट धरली होती. आबा बाजूला झाले तेव्हा ते तसेच चिखलात बसून राहिले. मग त्यांनी डाव्या हाताचा तळवा डोळ्यांसमोर धरला, नाकाशी नेला आणि वेड्यासारखे हसले.

"हळद," ते म्हणाले. "पैलवान, हळद! लोनी हाय रिमला! आरं, तुझ्या घरच्यानीच पोराचा पाय मोडलाय, आन बोटं माझी मोडलीस व्हय?"

आबांनी रिमवरून बोट फिरवलं. वास घेतला. बोट परत एकदा हुंगलं. मग त्यांनी सायकल धरली आणि ढकलत घराकडं निघाले. त्यांच्या वहाणा चिखलात रुतून बसत होत्या आणि मला त्यांच्या चालीवरून काहीच कळत नव्हतं. असं पहिल्यांदाच झालं.

घरी हाडवैद्य म्हातारा दादाच्या पायाला कामट्या बांधत होता. आई पुरण वाटत होती. सण मोडायचा नसतो असं ती म्हणायची, त्यातून हात कामात असले की तिला धीर यायचा. आबा दारात उभे राहिले. भुवईतलं रक्त दाढीपर्यंत आलं होतं.

"चाकाला तेल-हळद कुणी लावली?"

मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले की त्या वेळी मी बोलणारच होते, आईनं मला वेळ दिला नाही. आता या वयात तसं सांगत नाही. मी बोलणार नव्हते. माझे दोन्ही हात मी परकरात लपवले होते, कारण नखं पिवळी होती. आईनं माझ्याकडं बघितलं, परकराकडं बघितलं. तिचेही हात सणाच्या हळदीनं पिवळेच होते.

"मी लावली," ती म्हणाली.

आसुडाला त्या दिवशी हात लावायचा नव्हता आणि आबांनी तो लावला नाही. सायकलचा लोखंडी पंप खुंटीला होता, तो घेतला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा हातावर. आई नेहमीसारखी गुडघ्यांत डोकं घालून बसली. "लेकराचा पाय मोडलास," आबा प्रत्येक फटक्याला म्हणत होते, "लेकराचा पाय मोडलास." दादा बाजेवरून खाली यायला बघत होता आणि किंचाळत होता. शेजारची माणसं अंगणापर्यंत आली, आबांनी पंप उगारला तशी मागं सरली. मग एक फटका कानाच्या वर बसला. आई आडवी झाली, तिचा पाय लागून पुरणाचं पातेलं कलंडलं आणि ते गरम पुरण जमिनीवर पसरत तिच्या केसांपर्यंत आलं. ती हलली नाही. आबांनी पंप टाकला, तिच्याकडं थोडा वेळ बघितलं आणि गोठ्यात जाऊन नंद्याच्या गळ्याला धरून उभे राहिले.

हाडवैद्य काठी टेकत आला, वाकला. कानातून रक्त येत होतं. "हाडाचं काम माझं," तो म्हणाला. "डोस्क्याचं न्हाई. भोसरीचा डॉक्टर आना, न्हाईतर ही बाई जाती."

कोण आणणार? बाप्ये बैल धुवायला नदीवर गेलेले, जे अंगणात होते ते पैलवानाच्या घरात पडायला तयार नव्हते. दादानं माझ्याकडं बघितलं. "कमळे, सायकल घे."

सगळ्यांसमोर म्हणाला. मी पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल सरळ केलं, परकर कमरेला खोचला आणि दांडीखालून पाय घातला.

त्या पावसाचा एकेक थेंब मला आठवतो असं म्हणणं खोटं होईल. आठवतं ते हे, की डोळे उघडे ठेवता येत नव्हते आणि मिटायची सोय नव्हती. वेशीपाशी बैल धुऊन-रंगवून परतणारी माणसं भेटली. शिंगांचा हिंगूळ पावसानं विरघळून बैलांच्या तोंडावर लाल ओघळला होता. "पैलवानाची पोर, सायकलवर!" कुणीतरी ओरडलं आणि मागून एक ढेकूळ आलं, पाठीत बसलं. मी पायडल मारत राहिले. उतार लागला तेव्हा ब्रेक दाबला. दादा म्हणाला तसंच झालं, नुसतं गुळगुळीत. हे मी केलं होतं, माझ्या बोटांनी, दोनदा चोळून. मी अनवाणी पाय पुढच्या टायरवर दाबला. तळव्याची साल निघाली तसा मी ओरडत दाबत राहिले, तरी मोरीच्या त्याच दगडावर खांदा आपटलाच. उठले. सायकल उठवली. पुढं गेले.

फाट्यावर, दवाखान्यासमोरच्या शेडमध्ये गुलाबभाई बसले होते. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, तीन बोटं सुजून वांग्यासारखी झालेली. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"स्क्रू तुमी आवळला व्हता," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. हळद मी लावली. आई मराया टेकलीया."

ते उठले आणि डाव्या हातानं त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. ओल्या गालावर ती चरचरत गेली. आबांचा मार मी किती खाल्ला त्याची गणती नाही, पण मला वाजवी वाटलेली चपराक ती एकच.

"का बोललीस खोटं?"

"भ्याले."

त्यांनी माझ्या रक्ताळलेल्या तळव्याकडं बघितलं. मग भिजत रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना जेवणावरून उठवून आणलं. डॉक्टरांनी पिशवी आपल्या सायकलला अडकवली. मी त्यांच्यामागं निघाले तर गुलाबभाईंनी माझ्या चाकापुढं पाय आडवा घातला.

"अशी जायची न्हाई." त्यांनी रॉकेलचा बोळा घेतला आणि डाव्या हातानं, उजवा छातीशी धरून, दोन्ही रिम पुसल्या. वर राख चोळली. परत पुसल्या. रबरांखालची हळद खिळ्यानं खरवडून काढली. "दाब," म्हणाले. मी दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. "आता जा."

त्यांची ती बोटं पुढं कधी सरळ झाली नाहीत. मी त्याच सायकलवरून आधी भोसरीच्या आणि मग चिंचवडच्या शाळेला गेले, आबांनी कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. फाट्यावरून जाताना गुलाबभाई हाक मारून थांबवायचे, वाकड्या बोटांनी ब्रेक दाबून बघायचे आणि मान हलवायचे. माझ्या घरच्यांबद्दल त्यांनी एका शब्दानंही विचारलं नाही. मी त्यांची माफी मागितली नाही, तो शब्द मला तेव्हा येतच नव्हता. आता तिथं दुकानही नाही, उतारही नाही. सगळा रस्ता सपाट आणि रुंद झालाय, नातू मला गाडीतून नेतो तेव्हा ओढा कुठं होता तेही मला दाखवता येत नाही.

त्या दुपारी डॉक्टरांनी आईच्या डोक्याला टाके घातले. डावा कान गेला तो गेलाच. पुढं आम्ही तिच्याशी बोलताना तिच्या उजव्या बाजूला बसायला शिकलो. टाके घालताना तिला शुद्ध आली. "कसं लागलं?" डॉक्टरांनी विचारलं. "पडले," ती म्हणाली. त्याच वेळी आबा गोठ्यातून येऊन दारात उभे राहिले. वहाणा हातात होत्या. कुणाकडं न बघता ते आईच्या पायांकडं बघत होते. मी सगळी वाट ठरवत आले होते. गुलाबभाईंना सांगून झालं होतं, थोबाडीत खाऊन झाली होती, आता राहिलं होतं ते एवढंच.

"आबा," मी म्हणाले.

आईनं हात उचलला. तो मध्येच एकदा खाली पडला, परत उचलला, आणि माझ्या तोंडावर ठेवला. हळदीचा वास येत होता. आबा थोडा वेळ वाट बघून परत गोठ्यात गेले. आईनं चाकाला तेल लावलं असं मानूनच ते पुढं जगले आणि तसंच मानून गेले. आईही शेवटपर्यंत तेच म्हणत राहिली, मला एकटीलासुद्धा. आता ज्यांना हे सांगते ते म्हणतात, आईनं तुला वाचवलं. वाचवलं हे खरंच. पण तो हात माझ्या तोंडावर होता तेव्हा त्यात काहीच जोर नव्हता. एका बोटानं बाजूला झाला असता. मी तो तसाच राहू दिला.